ब्रिटनने युरोपीय संघात राहायला हवं होतं का? (कागदपत्रांसकट चर्चा)

मोजपट्टी (धागाकर्ता)
२३ जून २०१६ च्या सार्वमताला दहा वर्षं होत आली. 'बाहेर पडा' ५१.९ टक्के, 'राहा' ४८.१ टक्के, मतदान ७२.२ टक्के. प्रत्यक्षात ब्रिटन बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता (बारा ब्रुसेल्सच्या घड्याळात वाजले, लंडनच्या नव्हे, यातच सगळं आलं). नियम बदलले ते त्यानंतर अकरा महिन्यांनी, १ जानेवारी २०२१ पासून.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला छुपा अजेंडा शोधायला नको. राजकीय संघ सोडण्यामागची कारणं मला पटत नसली तरी समजतात. पण त्याच झटक्यात कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केटही सोडलं, ती घोडचूक होती. मतपत्रिकेवर हे वेगळे प्रश्न नव्हतेच. घर सोडायचं का एवढंच विचारलं, जायचं कुठे ते विचारलंच नाही.

नियम, आकडे आणि प्रक्रिया यांवर बोलू या. 'साम्राज्याचा सूर्य मावळला' छापाचे प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर.

फुलटॉस
सूर्याचं नाव काढायचं नाही म्हणता, मग आम्ही लिहायचं काय? पॉपकॉर्न घेऊन बसतो.

जकातनाका
धागाकर्त्याने दोन्ही नावं एका दमात घेतली आहेत, पण बरेच वाचक तिथेच अडकतात. म्हणून आधी तेवढं सोडवू.

कस्टम्स युनियन म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्या देशांचा दर एकच, आणि एकदा माल आत आला की आपापसांत जकात नाही. सिंगल मार्केट म्हणजे मालाचे नियम एकच: भेसळ, लेबल, औषधफवारणी, विजेचा प्लग तापतो की नाही, सगळं. त्यामुळे सीमेवर तपासणीचं कारणच उरत नाही. यातलं एकच घेतलेले देशही आहेत. नॉर्वे सिंगल मार्केटमध्ये आहे, कस्टम्स युनियनमध्ये नाही. तुर्कस्तानचं नेमकं उलट, तेही फक्त औद्योगिक माल आणि काही प्रक्रिया केलेल्या पदार्थांपुरतं.

ब्रिटनने घेतला तो फक्त मुक्त व्यापार करार. जकात शून्य, कोटा नाही. ऐकायला छान. पण मुलुंड-दहिसरचे जकात नाके आठवत असतील त्यांना ठाऊक आहे की ट्रकचा वेळ जायचा तो पैसे भरण्यात कमी आणि कागद दाखवण्यात जास्त.

आता डोव्हरहून कॅलेला चिकन पाठवायचं आहे असं धरा. निर्यातदाराचा ईओआरआय (कस्टमकडचा नोंदणी) क्रमांक, मालाचा कोड, ब्रिटनच्या बाजूने निर्यात घोषणापत्र, फ्रान्सच्या बाजूने आयात घोषणापत्र, मूळ देशाचं विधान. मांस आहे म्हणून सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र, ते फ्रेंचमध्येही. त्यावरची सही छपाईच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगात हवी. काळ्या छपाईवर काळ्या पेनने सही केली की माल अडकलाच म्हणून समजा. फ्रेंच बाजूला घोषणापत्राचा बारकोड ट्रकच्या नंबरप्लेटशी जोडतात, आणि बोट खाडीत असतानाच ट्रकला रंग मिळतो. हिरवा असेल तर सरळ बाहेर, नारिंगी असेल तर तपासणी.

खरी मारामारी होते एकत्र भरलेल्या ट्रकमध्ये. एका ट्रकमध्ये तीस छोट्या व्यापाऱ्यांचा माल असेल आणि त्यातल्या एका चीजवाल्याचा कागद चुकला, तर बाकीचे एकोणतीसही तिथेच. म्हणून वाहतूकदार छोट्यांचा माल घ्यायलाच नाखूश झाले. मोठ्या कंपन्या अख्खा ट्रक एकाच मालाचा भरतात, त्यांचं निभावतं.

नवखी
वाचनखूण साठवली. एक शंका: जकात शून्य असेल तर मूळ देशाचं विधान कशाला?

कलम_पन्नास
@नवखी, शून्य जकात फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात 'बनलेल्या' मालाला आहे. चीनहून आणलेला माल ब्रिटनमार्गे फ्रान्सला शून्य दराने जाऊ नये म्हणून ही खबरदारी.

यातली गंमत पहिल्याच महिन्यात कळली. जर्मनीत बनलेल्या गोळ्या ब्रिटनच्या गोदामात आल्या आणि तिथून डब्लिनच्या दुकानात निघाल्या. माल संघातलाच, जातोय संघातच, तरी जकात लागू. कारण ब्रिटनमध्ये त्यावर पुरेशी प्रक्रिया झालेली नाही, म्हणून तो 'ब्रिटिश' नाही, आणि एकदा बाहेर पडून गेला म्हणून करारापुरता 'युरोपीय'ही उरला नाही. धोबी का कुत्ता. आयर्लंडला माल पुरवणाऱ्या ब्रिटिश साखळी दुकानांचं सगळं गणित मध्यवर्ती गोदामावर उभं होतं, ते तिथेच कोसळलं.

मोटारींचं आणखी किचकट. साधारण पेट्रोल गाडीत ५५ टक्के मूल्य ब्रिटन-संघातलं हवं, नाहीतर १० टक्के जकात. विजेच्या गाडीत किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा आणि बॅटरी बहुतेक आशियातली. म्हणून त्यांना आधी सवलत दिली होती. ती २०२३ अखेर संपणार होती, आणि संपायला काही दिवस उरले असताना २०२६ अखेरपर्यंत वाढवली.

स्वराज्य_आधी
सगळे एकाच बाजूने बोलताहेत, तर दुसरी बाजू मी घेतो.

कागद वाढले, मान्य. पण संघ हा नुसता व्यापाराचा करार नव्हे. १९७३ साली ब्रिटन आत गेला तो 'कॉमन मार्केट'मध्ये. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं, तेही त्यालाच. पुढे मास्ट्रिक्ट आणि लिस्बन करारांनी घर वाढत गेलं, पण घरमालकाला पुन्हा विचारलं नाही. बऱ्याच विषयांत निर्णय पात्र बहुमताने होतो: ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. म्हणजे तुमच्या संसदेने एकमुखाने विरोध केलेला नियमही तुमच्यावर लागू होऊ शकतो, आणि १९९० च्या फॅक्टरटेम खटल्यापासून ब्रिटिश न्यायालयं संघाच्या कायद्याशी विसंगत असलेला संसदेचा कायदा बाजूला ठेवत आली.

आता ठोस फायदे बघा. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. स्कॉचवरची आपली १५० टक्के जकात आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर येणार. संघात असते तर ब्रिटनला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. संघाची भारताशी बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थंडावली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात इकडे सह्या. अमेरिकेने २०२५ मध्ये आयातशुल्क लावलं तेव्हा ब्रिटनला सर्वसाधारण दर १० टक्के, संघाला १५.

शेतीचं अनुदानही. संघाच्या पद्धतीत एकराला पैसे मिळत, म्हणजे ज्याची जमीन जास्त त्याला जास्त. इंग्लंडने ते टप्प्याटप्प्याने बंद करून बांध, पाणी, माती राखण्याच्या कामाला पैसे जोडले.

तिरकस
म्हणजे दहा वर्षं भांडून मिळालं काय, तर पुण्यातली स्कॉच स्वस्त. या त्यागाबद्दल पुणेकर ब्रिटनचे ऋणी राहतील.

मोजपट्टी
@स्वराज्य_आधी, मुद्दे नीट मांडलेत, आभार. अनुदानाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. १० विरुद्ध १५ हाही खरा.

पण भारताच्या कराराचं वजन करू. ब्रिटिश सरकारचा स्वतःचा अंदाज: दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंड, म्हणजे जीडीपीच्या ०.१३ टक्के. पॅसिफिकवाल्या देशांच्या व्यापार कराराचा, सीपीटीपीपीचा, फायदा याहूनही कमी धरला आहे. दुसऱ्या पारड्यात त्यांच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा, ओबीआरचा, अंदाज: संघात राहिले असते त्या तुलनेत दीर्घकालीन उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी. हा ४ टक्के म्हणजे मोजलेला आकडा नाही. 'राहिले असते तर' या न घडलेल्या देशाशी केलेली तुलना आहे, त्यामुळे त्यावर वाद घालता येतो. पण तो अर्धा चुकला असं धरलं तरी ०.१३ ने भरून निघत नाही. शेजारच्या बाजाराला अंतराचा फायदा असतो, आणि कोलंबो-सिडनीच्या करारांनी कॅले जवळ येत नाही.

खडूस_खारीक
कोलंबो सीपीटीपीपीमध्ये नाही. बाकी चालू द्या.

मोजपट्टी
चूक मान्य. सिडनी ठेवा, कोलंबो काढा.

शुद्धलेखन_पोलीस
'युरोपियन युनियन'ला काही जण 'संघ' म्हणतात, काही 'महासंघ'. 'संघटना' म्हणणारेही पाहिले. संघ म्हणजे युनियन, महासंघ म्हणजे फेडरेशन. आणि हे फेडरेशन आहे की नाही यावरच तर ब्रिटनमध्ये भांडण होतं, तेव्हा शब्द जपून.

फुलटॉस
आपल्याकडे नुसतं 'संघ' म्हटलं की लोक वेगळंच समजतात, म्हणून 'महा' लावत असतील. (ह. घ्या.)

तिरकस
अजून कुणी बसबद्दल बोललं नाही? 'बाहेर पडा' प्रचाराची ती लाल बस, 'आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला'?

कलम_पन्नास
तो ढोबळ आकडा होता, सवलत वजा न करता. १९८४ मध्ये थॅचरबाईंनी फोंतेनब्लोच्या बैठकीत परतावा मिळवला होता. तो आधी पाठवून मग परत येत नसे. वजा होऊनच रक्कम जाई. म्हणजे ३५ कोटी कधी गेलेच नाहीत, साधारण २५ कोटींच्या आसपास जात. त्यातलेही काही शेतकरी, विद्यापीठं आणि मागास भागांच्या योजनांतून परत येत. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सार्वमताच्या आधीच सांगितलं होतं, पण बस काही थांबली नाही.

थेम्स_ते_तापी
खर्चापेक्षा स्थलांतराने मतं फिरवली असं माझं मत, आणि तिथेच सगळ्यात उलटा परिणाम झाला. २०२० पर्यंत पोलंड-रुमानियाच्या माणसाला ब्रिटनमध्ये नोकरीसाठी व्हिसा लागत नव्हता आणि नाशिक-नागपूरच्या माणसाला लागत होता. १ जानेवारी २०२१ पासून दोघे एका रांगेत. कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण पायरी २५,६०० पौंड ठेवली, म्हणजे आधीपेक्षा खालची. शिवाय शिक्षणानंतर दोन वर्षं राहायची मुभा जुलै २०२१ पासून परत आली, आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना २०२२ पासून दार उघडलं. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेलं. सार्वमताच्या वेळी ते साडेतीन लाखांच्या आत होतं. संघाच्या जागी भारत, नायजेरिया वगैरे.

मग घाबरून पायरी चढवली: एप्रिल २०२४ ला ३८,७००, जुलै २०२५ ला ४१,७००. तेव्हा 'ब्रेक्झिटमुळे भारतीयांचा फायदा झाला' हे विधान २०२१ ते २०२३ एवढ्याच खिडकीपुरतं खरं आहे. आज अर्ज करणाऱ्याने ते मनातून काढून टाकावं.

मांडवीकाठ
सगळ्याच भारतीयांना व्हिसा लागत होता असं नाही. गोंयकारांचं काय?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगीज कायद्यानुसार पोर्तुगीज नागरिक, आणि हा हक्क मुलं-नातवंडांपर्यंत जातो. प्रक्रिया अशी: जुन्या नोंदीतला जन्मदाखला काढायचा, लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवायचा, लग्न झालं असेल तर तेही नोंदवायचं, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. गाडी बहुतेक अडते ती स्पेलिंगवर. आजोबा चर्चच्या वहीत एका स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्याने, भारतीय पासपोर्टवर तिसऱ्याने. तिन्ही जुळवेपर्यंत दमछाक. आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करून पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड).

एवढं करून लोक लिस्बनला कमी आणि स्विंडन, साउथॉल, लेस्टरला जास्त गेले, कारण इंग्रजी येत होतं आणि तेव्हा ब्रिटन संघात होता. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथे राहायला पोचले होते त्यांनी राहण्याच्या दर्जासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पाच वर्षं सलग झाली असतील तर कायम दर्जा, कमी असतील तर तात्पुरता, मग पाच वर्षं भरल्यावर कायम. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन नव्याने जाणाऱ्याला ब्रिटनमध्ये काम करायचं तर व्हिसा. तो पासपोर्ट आता लिस्बन, बर्लिन, डब्लिनला चालतो. डब्लिन लक्षात ठेवा, तिथे इंग्रजी पण आहे.

जकातनाका
डब्लिनचं नाव निघालंच आहे, तर मूळ धाग्याला सगळ्यात अवघड गाठ तिथेच आहे.

आयर्लंड संघात, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये. मध्ये साधारण ५०० किलोमीटरची सीमा आणि दोनशेहून जास्त रस्ते. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथले लष्करी नाके गेले. तिथे पुन्हा कस्टमची चौकी उभी करायला कुणीच तयार नव्हतं. आता तीन गोष्टी बघा. ब्रिटनला कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केट सोडायचं आहे. आयर्लंडच्या बेटावर सीमा नको आहे. उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये समुद्रात सीमा नको आहे. यातल्या दोनच एका वेळी मिळतात. पंतप्रधानांनी तिन्ही मिळतील असं कधी ना कधी सांगून पाहिलं.

शेवटी सीमा समुद्रात गेली. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने तिला दोन मार्गिका दिल्या: माल उत्तर आयर्लंडमध्येच राहणार असेल तर हिरवी, पुढे संघात जाणार असेल तर लाल. हिरव्या मार्गिकेसाठी व्यापारी आधी नोंदलेला हवा, आणि दूध-मांसाच्या पाकिटावर 'संघासाठी नाही' असं छापलेलं हवं. एकाच देशातल्या दोन शहरांमध्ये दुधाच्या पाकिटावर शिक्का. ज्या उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं होतं त्याच्याच वाट्याला हे आलं.

स्वराज्य_आधी
सीमेचा मुद्दा मला नाकारता येत नाही. पण संसदेलाही मधला मार्ग नको होता हे विसरू नका.

कलम_पन्नास
नको होता असं म्हणवत नाही. १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. मग खासदारांनी स्वतःच पर्याय मतदानाला टाकले. १ एप्रिल २०१९ ला 'कस्टम्स युनियनमध्ये राहा' हा पर्याय २७३ विरुद्ध २७६ ने पडला. तीन मतं! ज्यांना पूर्ण राहायचं होतं त्यांतल्या काहींनी मधला मार्ग नको म्हणून हात आखडता घेतला, आणि ज्यांना पूर्ण बाहेर पडायचं होतं त्यांनी तर घेतलाच. धागाकर्त्याचं 'घोडचूक' त्या रात्रीला लावा, सार्वमताला नको.

लसीकरण_मोहीम
संघात असते तर लस लवकर मिळाली नसती, हा एक मुद्दा राहिला की.

कलम_पन्नास
ब्रिटनने फायझरला २ डिसेंबर २०२० ला परवानगी दिली. तेव्हा संक्रमण काळ (बाहेर पडल्यानंतरचे ते अकरा महिने) चालू होता आणि संघाचेच औषध नियम लागू होते. त्या नियमांत आणीबाणीत देशाला तात्पुरती परवानगी देण्याची सोय आहे, तीच वापरली. खरेदीत ब्रिटन संघाच्या एकत्र खरेदीपासून वेगळा राहिला, त्याचा उपयोग झाला. पण आत असताना वेगळं राहायला कायद्याची आडकाठी नव्हती, राजकीय दबाव आला असता एवढंच.

ओडिसी
राहावं की पडावं हे ठरवताना चलन कुणाचं ते आधी बघा. ब्रिटनकडे पौंड होता म्हणून हा वाद कागदपत्रांवर आणि रांगांवर होऊ शकला. ग्रीसने ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्क्यांनी मदतीच्या अटी नाकारल्या, तेव्हा बँका आधीच बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते. युरो सोडायची नुसती कुणकुण लागली तरी लोक ठेवी काढतात, कारण उद्या त्या द्राक्मात (ग्रीसच्या जुन्या चलनात) बदलतील आणि घसरतील. युरोपीय मध्यवर्ती बँकेने बँकांना आणीबाणीचा रोख पुरवठा वाढवला नाही की बँका बंद. आठवड्याभरात सरकारने आधीपेक्षा कडक अटींवर होकार दिला.

देवगड_पेटी
आपल्या मालाचं कुणीच बोललं नाही. १ मे २०१४ ला संघाने भारतीय आंबा बंद केला, सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. कारण फळमाशी. आदल्या वर्षी किडीची २०७ प्रकरणं सापडली होती. लंडन आणि लेस्टरमधले व्यापारी ओरडले, पण निर्णय सगळ्या संघाचा, एकट्या ब्रिटनला दार उघडता येईना. हापूस ४८ अंशाच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवण्याची आणि तपासणीची पद्धत बसली, मग २०१५ च्या सुरुवातीला आंब्यापुरती बंदी उठली. तेव्हा 'स्वराज्य' यांचा मुद्दा इथे लागू पडतो.

पण द्राक्षांत उलटं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या फवारणीच्या औषधाच्या अवशेषांवरून नाशिकचा माल अडकला, तेव्हापासून बागायतदार युरोपचा एकच तक्ता भिंतीवर लावायचे. आता दोन. संघाची अवशेष मर्यादा वेगळी ठरते, ग्रेट ब्रिटनची वेगळी, आणि उत्तर आयर्लंडला संघाचीच. दोन्हींकडे जाऊ शकेल असा माल हवा असेल तर प्रत्येक औषधाला दोन्हींतला कडक आकडा धरून फवारणी बंद करायचा दिवस काढायचा. आणखी एक: रॉटरडॅमला उतरवून ब्रिटनला पाठवायचं असेल तर माल तिथे सोडवून घेऊ नका, टी-१ ट्रान्झिटवर (तिथे जकात न भरता, कस्टमच्या कागदावर) पुढे न्या. तिथे सोडवला तर संघाची जकात भरली जाते, आणि डोव्हरला भारतीय माल म्हणून ब्रिटनच्या दराने पुन्हा हिशोब.

नवखी
मग आता परत आत जाता येईल का?

मोजपट्टी
@नवखी, संघाच्या कराराच्या कलम ४९ खाली नव्याने अर्ज, सगळ्या २७ देशांची मंजुरी. थॅचरबाईंचा परतावा मिळणार नाही असं धरूनच चाला. युरो घेण्याचं वचन द्यावं लागेल. स्वीडनने १९९५ ला असंच आत येऊन आजवर युरो घेतलेला नाही हे खरं, पण तशी पळवाट नव्या सदस्याला उघडपणे मागता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात चाललंय ते तुकड्या-तुकड्याने. १ जानेवारी २०२४ पासून होरायझन संशोधन कार्यक्रमात परत. १९ मे २०२५ ला अन्न-आरोग्य कराराची दिशा ठरली, बदल्यात मासेमारीची मुभा ३० जून २०३८ पर्यंत. अन्नापुरते ब्रिटन संघाचे नियम जसे बदलतील तसे स्वीकारणार, आणि त्या नियमांच्या अर्थावर शेवटचा शब्द संघाच्या न्यायालयाचा.

स्वराज्य_आधी
म्हणजे २०१६ ला मताचा अधिकार सोडला आणि आता नियम परत घेताहेत, मताशिवाय. नॉर्वेची टिंगल करणारे नॉर्वेच्याच रांगेत. हे मात्र माझ्या बाजूच्या लोकांनी आधी सांगायला हवं होतं.

जकातनाका
करार अंमलात आला तर चिकनवाल्याचं पेन कुठल्या रंगाचं हे कुणी बघणार नाही. माझ्यापुरता तो मोठा दिवस.

देवगड_पेटी
त्या अन्न करारात कीडनाशकं धरली आहेत का? की फक्त मांस-दूध?

कलम_पन्नास
धरली आहेत. मे २०२५ च्या संयुक्त मसुद्यात प्राणी, वनस्पती, अन्नसुरक्षा यांच्यासोबत कीडनाशकांचे नियमही आहेत.

देवगड_पेटी
मग भिंतीवरचा दुसरा तक्ता एवढ्यात फ्रेम करू नका म्हणून नाशिकला कळवतो.